लघुपटाचा ट्रेलर कशावर कापायचा: फोन, फुकटचं सॉफ्टवेअर की प्रीमियर?

मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाचा लघुपट कसाबसा पूर्ण होतो आणि मग सर सांगतात, "ट्रेलरही हवा, दीड मिनिटाचा." ग्रुपमध्ये लगेच तीन पक्ष पडतात. एकाला तो फोनवरच उरकायचा असतो. दुसरीच्या भावाच्या लॅपटॉपवर डा विंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं फुकट सॉफ्टवेअर आधीच टाकलेलं असतं. तिसरा ठासून सांगतो की इंडस्ट्रीत ॲडोबीचं प्रीमियर चालतं, बाकी सगळा टाइमपास. ज्यांना या आठवड्यात यातलं काहीतरी एक निवडायचं आहे, त्यांच्यासाठी हा आढावा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ट्रेलर जितका चित्राचा असतो त्याहून जास्त आवाजाचा असतो. त्यामुळे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये किती इफेक्ट आणि किती ट्रान्झिशन हे मोजत बसू नका. आवाजाचे थर मोकळेपणाने हलवता येतात का, मराठी अक्षरं न फुटता उमटतात का, आणि तुमच्या मशीनवर ते धड चालतं का, एवढं बघा. बाकीची यादी जाहिरातीसाठी असते.

आवाजाचं म्हणजे नेमकं काय? समजा तुमचा बारा मिनिटांचा लघुपट नाशिककडच्या एका गावातल्या पिठाच्या गिरणीवर आहे. गिरणी आजी चालवते, नातवाला ती विकायची आहे. त्यात एक साधा प्रसंग आहे, आजी गिऱ्हाइकाला सांगते, "दळण ठेवून जा, संध्याकाळी ने." प्रसंगात या वाक्याला काहीच वजन नाही. आता हेच वाक्य ट्रेलरमध्ये गिरणीच्या बंद शटरवर टाका, खाली पट्ट्याचा आवाज मंदावत नेऊन थांबवा. संध्याकाळी गिरणी उघडली का, हा प्रश्न बघणाऱ्याला आपोआप पडतो. नवीन शूट काही नाही. एका प्रसंगाचा आवाज दुसऱ्या प्रसंगाच्या चित्रावर नेला, इतकंच. ट्रेलरचं निम्मं काम हेच असतं. त्यासाठी संवाद, जागेचा आवाज, संगीत आणि नुसती शांतता, ज्याला रूम टोन म्हणतात, हे सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवून पुढेमागे सरकवता आलं पाहिजे.

आखणी: कागद, शीट की ॲप

आखणीसाठी मी आजही आधी कागदच सुचवतो. ए-फोर कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज. आणि उजवी बाजू आधी भरा. बहुतेक ग्रुप उलटं करतात. आवडलेले शॉट एकापुढे एक लावतात आणि शेवटी वरून संगीत पसरवतात. त्यातून तयार होतं ते शूटिंगच्या आठवणींचं मॉन्टाज. आवाजाची बाजू आधी लिहिली की कुठलं वाक्य सुरुवातीला, कुठे सगळं गप्प करायचं आणि संगीत कुठून चढवायचं, हे कापायला बसण्याआधीच ठरतं.

हा कागद पक्का झाला की तो गूगल शीट्सवर चढवा. दोन रकान्यांचे पाच करा: चित्र, आवाज, फाइलचं नाव, टाइमकोड (तो तुकडा फाइलमध्ये कितव्या मिनिट-सेकंदाला आहे), सेकंद. चौघांना आपापल्या घरून एकाच वेळी भरता येतं, मराठी टायपिंगची अडचण नाही आणि मुख्य म्हणजे सेकंदांच्या रकान्याची बेरीज समोर दिसते. दीड मिनिटाचा म्हणून आखलेला ट्रेलर बेरजेत अडीच मिनिटांचा निघतो, हे शीटमध्ये कळलेलं बरं. टाइमलाइनवर कळलं की कोणाचा शॉट उडवायचा यावरून भांडणं होतात.

स्टोरीबोर्डर नावाचं एक फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. त्यात चौकटी काढून प्रत्येकीला वेळ देता येते आणि सगळं सलग चालवून बघता येतं. चांगलं साधन आहे, पण त्याचा उपयोग खरा तेव्हा, जेव्हा चित्रपट अस्तित्वातच नाही आणि फक्त ट्रेलर करायचा आहे. काही ठिकाणी असाच प्रोजेक्ट देतात, आणि तेव्हा प्रत्येक शॉट नव्याने घ्यावा लागतो. तयार लघुपटाचा ट्रेलर असेल तर चित्रं काढण्यात वेळ घालवू नका. फुटेजमधूनच फ्रेम काढून शीटमध्ये चिकटवा.

मॅक हाताशी असेल तर ॲपलच्या आयमूव्ही या एडिटिंग ॲपकडे वेगळ्या कारणासाठी बघा. त्यात ट्रेलरचे तयार साचे मिळतात: प्रेमकथा, भयपट, सुपरहिरो वगैरे. साचा निवडला की कुठे क्लोजअप हवा, कुठे दोघांचा शॉट हवा, कुठे पाटी, याची यादीच समोर येते. अमुक प्रकारच्या ट्रेलरची चाल कशी असते हे समजून घ्यायला अर्धा तास यात घालवणं फायद्याचं. पण जमा करायचा ट्रेलर त्यातून काढू नका. संगीत ठरलेलं, पाट्यांची जागा ठरलेली, शॉटची लांबीही ठरलेली. तुमच्या गिरणीचा आवाज त्यात बसवायचा तर साच्याशीच मारामारी.

कापण्याआधी फुटेजची एक तपासणी

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, हे आधी करा. ट्रेलरसाठी दोन-चार शॉट फोनवर पुन्हा घ्यावेच लागतात, आणि पुढची निम्मी रडारड तिथे सुरू होते.

बहुतेक फोन व्हिडिओ घेताना फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, हा स्थिर ठेवत नाहीत. सेकंदाला तीस म्हणतात, पण उजेड आणि फोनवरचा ताण यानुसार ते कमीजास्त होतात. फोनवरच कापलं तर हे सहसा जाणवत नाही. कॉम्प्युटरवर मात्र लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू फाकतात, आणि मग दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो. उपाय सोपा आहे. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडा आणि सगळ्या क्लिप त्यातून काढून घ्या. रिझॉल्व्ह ज्यांचं, त्या ब्लॅकमॅजिकचं ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲपही फुकट आहे. आयफोनसाठी ते 2023 मध्ये आलं आणि 2024 मध्ये निवडक अँड्रॉइड फोनसाठी. तुमच्या फोनवर चालत असेल तर त्यात फ्रेम रेट 25 आणि शटर स्पीड, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, 1/50 सेकंद करा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडीखाली 30 फ्रेम आणि 1/60 शटरवर घेतलेल्या शॉटमध्ये पट्टे फिरताना दिसतात ते याचमुळे. लघुपट कॅमेऱ्यावर 25 मध्ये घेतला असेल तर नवे शॉटही 25 मध्येच घ्या.

आणि क्लिप व्हॉट्सॲपवरून मागवू नका. व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप तिथे दाबून लहान केली जाते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ड्राइव्हवर चढवा. मोठ्या पडद्यावर अशी एक दाबलेली क्लिप आली की बाकी सगळं कितीही नीट केलेलं असो, तीच डोळ्यात येते.

फोन

फोनची बाजू मांडायला मला संकोच वाटत नाही. व्हीएन किंवा काइनमास्टरसारख्या ॲपमध्ये चित्राचे आणि आवाजाचे एकाहून जास्त थर मिळतात. काइनमास्टरच्या फुकट आवृत्तीत कोपऱ्यात वॉटरमार्क येतो, व्हीएनमध्ये येत नाही. फक्त शेवटी जोडलेली त्यांची पाटी काढून टाकायची. मराठी अक्षरं फोनची स्वतःची यंत्रणाच जोडते, त्यामुळे सहसा फुटत नाहीत. इन्स्टाग्रामसाठी उभी आवृत्ती करायची तर फोनइतकं सोपं दुसरं काही नाही.

यूट्यूबवर कॅपकट शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण ते ॲप भारतात अधिकृतरीत्या मिळत नाही. कुठूनतरी एपीके, म्हणजे ॲपची इन्स्टॉल फाइल, उतरवून त्यावर प्रोजेक्ट उभा करणं म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री ॲप बंद पडण्याची सोय करून ठेवणं. परदेशात शिकणाऱ्या मराठी मुलांची गोष्ट वेगळी.

फोन कमी पडतो तो आवाजात. थर मिळतात, पण बोटाने सरकवताना फ्रेमची अचूकता राहत नाही. आजीचं वाक्य गिरणीच्या शटरवर नेमकं कुठे सुरू व्हावं हे ठरवायला दोन-तीन फ्रेम इकडेतिकडे करून पुन्हापुन्हा ऐकावं लागतं, आणि सहा इंची पडद्यावर चार थर उघडे ठेवून ते करताना माणूस कंटाळतो. कंटाळला की 'चालेल' म्हणतो. शिवाय लोक ऐकतात फोनच्याच स्पीकरवर, ज्यातून खर्जाचा आवाज जवळजवळ येतच नाही. गिरणीची घरघर तिथे ऐकू येत नाही म्हणून ती वाढवत नेली, तर कॉलेजच्या हॉलमध्ये तीच घरघर संवाद गिळून टाकते. फोनवर कापत असाल तर निदान वायरचे इअरफोन लावा. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि कट कुठे पडला याचा अंदाज चुकत राहतो.

रिझॉल्व्ह आणि त्याचे हलके भाऊ

डा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती हा विद्यार्थ्यांसाठी आज सगळ्यात मोठा लाभ आहे, यात मला शंका नाही. अल्ट्रा एचडीपर्यंत आउटपुट, वॉटरमार्क नाही, मुदत नाही. फक्त स्टुडिओ या विकतच्या आवृत्तीतला एखादा इफेक्ट वापरला तर चित्रावर शिक्का येतो; तो इफेक्ट काढला की शिक्काही जातो. रंगासाठी ते नावाजलेलं आहेच. पण ट्रेलर करणाऱ्याने त्यातलं फेअरलाइट हे पान उघडावं. प्रत्येक ट्रॅकला स्वतःचा इक्वलायझर (खर्ज-टीप कमीजास्त करायला), कंप्रेसर (मोठा-लहान आवाज सारखा करायला), आवाजाची पातळी दाखवणारे मीटर, आणि फ्रेमपेक्षाही बारीक तुकड्यांत आवाज सरकवायची सोय. वर सांगितलेलं आजीचं वाक्य बसवायला याहून चांगली जागा फुकटात मिळणार नाही.

अडचण मशीनची. 16 जीबी रॅम आणि 4 जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर रिझॉल्व्ह सुखाने चालतं. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा घरी असतो तसा 8 जीबीचा, ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप असेल तर ते उघडतं, पण चालत नाही, रांगतं. प्रॉक्सी म्हणजे हलक्या कॉपी बनवून काम करता येतं, तरी दुखणं पूर्ण जात नाही. लिनक्सवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: तिथल्या फुकट आवृत्तीत फोनचं नेहमीचं, एच.264 या प्रकारात साठवलेलं फुटेज थेट चालत नाही.

अशा मशीनवर हट्ट सोडावा आणि केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्यावं. दोन्ही ओपन सोर्स, दोन्ही विंडोजवर आणि लिनक्सवर चालतात, दोन्हींत प्रॉक्सीची सोय आणि हवे तेवढे ट्रॅक. दिसायला रुक्ष आहेत आणि मराठीत किंवा हिंदीत शिकवणारे व्हिडिओ कमी सापडतात. पण दीड मिनिटाच्या कामाला जे लागतं ते सगळं त्यांत आहे. आवाज स्वच्छ करायचा तर ऑडॅसिटी या आवाजाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करून परत आणा. फुकटच्या साधनांमध्ये माझी पसंती अशी: मशीन दमदार असेल तर रिझॉल्व्ह, नसेल तर केडेनलाइव्ह. आणि लॅपटॉपच नसेल तर फोनबद्दल कमीपणा वाटून घेऊ नका. आखणीचा कागद मात्र चोख ठेवा.

प्रीमियर

प्रीमियर चांगलं आहे. संवाद आणि संगीत अशी खूण केली की संवादाच्या वेळी संगीत आपोआप खाली घेण्याची सोय त्यात आहे, आणि नवशिक्याच्या ट्रेलरमध्ये सगळ्यात जास्त बिघडतं ते हेच. ॲडोबीच्याच आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशन-इफेक्टच्या सॉफ्टवेअरशी जोडणी सोपी. पुढे एखाद्या मालिकेच्या किंवा जाहिरातीच्या एडिटरकडे इंटर्नशिप करायची असेल तर हात बसलेला बरा.

पण ते भाड्याने मिळतं. विद्यार्थ्यांना सवलत असली तरी दर महिन्याला पैसे जातात, आणि एका ट्रेलरसाठी ते घालण्यात अर्थ नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये परवान्यासकट असेल तर जरूर वापरा, पण आधी लॅब किती वाजता बंद होते ते विचारा. पाच वाजता कुलूप पडत असेल तर तुमच्या हातात खरे किती तास उरतात ते मोजा. घरी नवीन आवृत्ती आणि लॅबमध्ये जुनी असेल तर घरी सेव्ह केलेली फाइल लॅबमध्ये उघडणार नाही, हेही बघून घ्या.

क्रॅक केलेलं प्रीमियर सर्रास फिरतं, हे मलाही माहीत आहे. रिझॉल्व्ह फुकट असताना व्हायरसचा धोका पत्करून ते टाकणं मला तरी कळत नाही.

मराठी पाट्या

निवडीचा निकाल अनेकदा इथे लागतो, आणि याकडे कोणी आधी बघत नाही. सॉफ्टवेअर उघडल्यावर पहिलं काम हे करा: एक पाटी घ्या आणि त्यावर 'दिग्दर्शन', 'निर्मिती', 'विद्यार्थी', 'प्रस्तुत' हे चार शब्द टाइप करा. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे आली का? 'र्थी'वरचा रफार डोक्यावर बसला का? 'स्तु' जोडलेला आहे की 'स्' पाय मोडून वेगळा उभा आहे? या चार शब्दांत बहुतेक खोड्या उघड्या पडतात.

रिझॉल्व्हच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये टेक्स्ट प्लस या प्रकारात देवनागरी फुटते. साध्या टेक्स्टमध्ये बहुधा ठीक येते. प्रीमियरमध्ये सेटिंगमध्ये जाऊन साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं, ते न केल्यामुळे 'प्रीमियरला मराठी येत नाही' असा समज पसरतो. केडेनलाइव्ह आणि शॉटकटमध्ये जोडाक्षरं साधारणपणे नीट येतात. काहीच जमलं नाही तर पाटी इंकस्केपमध्ये किंवा कॅनव्हावर बनवून पारदर्शक पीएनजी म्हणून आणा. पोस्टर करणाऱ्या डीटीपीवाल्याकडून नाव घेत असाल तरीही त्याच्याकडून पारदर्शक पीएनजीच मागा. त्याची श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमधली फाइल तुमच्या मशीनवर उघडली तर इंग्रजी अक्षरांचा खच दिसेल.

फॉन्टसाठी पैसे मोजायची गरज नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' (Mukta) आणि 'बलू' (Baloo) हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोकळे आहेत. गंभीर विषयाला टिरो देवनागरी मराठी घ्या. त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत. मराठी लघुपटाच्या नावात हिंदी वळणाचा 'ल' दिसला की मला तरी खटकतं. आणि पाटीवर कमीत कमी शब्द ठेवा. दीड सेकंदात मोठ्याने वाचून संपत नसेल ते वाक्य काढा.

संगीत

इथे साधनांची तुलना करण्यासारखं फार नाही, पण यूट्यूबवरून ट्रेलर काढला जातो तो बहुतेक याच कारणाने. गाजलेल्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत वापरलं की यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते. 'गाणं जुनं आहे, चालतं' हेही अर्धंच खरं. आपल्या 1957 च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षं राहतो. म्हणजे रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसू शकतं. यूट्यूब ऑडिओ लायब्ररीतून घ्या, किंवा वर्गातल्या कुणाला हार्मोनियम, बासरी, ढोलकी येत असेल तर त्याला खोलीत बसवून पंखा बंद करा आणि कॉलर माइकवर वाजवून घ्या. गिरणीच्या ट्रेलरला तर मी संगीत जवळपास ठेवणारच नाही. पट्ट्याचा ठोका तालाला पुरेसा आहे.

जमा करताना

आउटपुट एमपी-फोर, एच.264, 1920 बाय 1080, 25 फ्रेम, बिटरेट साधारण 8 ते 10 एमबीपीएस. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट-32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर चढत नाही.

सर ट्रेलर बघून बदल सांगतातच, त्यामुळे नुसती तयार फाइल जपून भागत नाही. रिझॉल्व्ह आपला प्रोजेक्ट फुटेजच्या फोल्डरमध्ये ठेवत नाही, स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. फोल्डर कॉपी करून दुसऱ्याला दिला तर त्याच्याकडे फुटेज जातं, कापलेलं काम जात नाही. प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये जाऊन आर्काइव्ह काढा. केडेनलाइव्हमध्ये याला आर्काइव्ह प्रोजेक्टच म्हणतात आणि प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर हेच काम करतो. फोनवर कापलं असेल तर मार्क लागेपर्यंत ॲप काढू नका, आणि 'स्टोरेज फुल' आलं म्हणून गॅलरीतल्या मूळ क्लिप उडवू नका.